कोमट टाकीचा हिशेब

नवीन पनवेलच्या सेक्टरांतून प्लंबिंग, गिझरदुरुस्ती, सोलर बसविणे ही कामे आपले अनेक कारागीर बंधू करतात. लॉज आणि खानावळी चालविणारेही थोडे नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुक्कामाला येणारा प्रवासी आता वाढणार, या आशेने खोल्या वाढविणे सुरू आहे. खोली वाढली की गरम पाण्याची लाइन वाढते, आणि आम्हाला आज बोलायचे आहे ते त्या लाइनीविषयी.

मालकाची पहिली फर्माईश ठरलेली असते: काटा चाळीसवर ठेवा, बिल कमी येईल. कारागीर काटा फिरवून देतो. पावसाळ्यात तर सोलरची टाकी आठवडेच्या आठवडे कोमटच राहते. अंगाला सुखावणारे हे पाणीच लेजिओनेला नावाच्या जंतूला सर्वांत जास्त मानवते. २० अंशांखाली तो वाढत नाही, २५ ते ४५ मध्ये फोफावतो, ५० च्या पुढे त्याची वाढ थांबते आणि ६० अंशांला तो काही मिनिटांत मरू लागतो. आपल्या आजीचा तांब्याचा बंब रोज रिकामा होई आणि रोज कडकडीत तापे. ती सोय अडाण्याची म्हणून आपण हसून मोडीत काढली.

हा जंतू पाणी पिऊन सहसा बाधत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर त्यांच्यातील २९ जण दगावले, आणि कारण सापडायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी ती मात्र १९९९ ची हॉलंडमधील घटना. बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तिथल्या स्टॉलवर विक्रीसाठी गरम पाण्याचे टब मांडून चालू ठेवलेले होते. लोक त्या तुषारांजवळून नुसते फिरत गेले, आणि त्यांपैकी तीसहून अधिक माणसे मरण पावली.

आपल्याकडे न्यूमोनियाच्या रोग्याची ही तपासणी क्वचितच होते, म्हणून रोगच नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधे यावर चालत नाहीत. वृद्ध, मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणारे यांना धोका अधिक. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की तो एकापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही.

पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात आणखीही भाडेकरू असतात. स्यूडोमोनास आहे, क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद आहेत. त्यांतले काही क्लोरीनला दाद देत नाहीत. लेजिओनेला तर अमिबाच्या पोटात शिरून क्लोरीन चुकवतो. म्हणून 'औषध टाका नि मोकळे व्हा' म्हणणाऱ्या विक्रेत्यावर आमचा विश्वास नाही. आधी उष्णता आणि वाहते पाणी, औषध त्यानंतर.

खरा दोष बहुधा आपल्या हातूनच होतो. बाथरूम काढून टाकले, पण टीपासून पुढचा चार फूट तुकडा डमी मारून भिंतीत तसाच ठेवला. त्यात पाणी महिनोन्‌महिने कुजते आणि चालू लाइनीत थोडे थोडे मिसळते. तोडायचे तर मुख्य लाइनीपाशी तोडावे. टाकीच्या तळाचा गाळ ड्रेन कॉकने सोडावा, शॉवरची जाळी काढून घासावी. बंद पडलेल्या खोलीचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटे सोडावेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर कित्येक इमारतींत हेच राहून गेले. मशिदीच्या वजूखान्याला थंडीत गरम पाणी देणारी टाकी असेल तर तीही यातच आली, कारण तिथे पाणी नाकात ओढले जाते.

टाकी ६० वर ठेवली की अडचणी दोन. बिल वाढते, हे खरे. टाकीला आणि पाइपाला चांगले आवरण घातले तर त्यातले थोडे वाचते. दुसरी अडचण मोठी: ६० अंशांचे पाणी लहान मुलाला काही सेकंदांत भाजते. म्हणून नळाजवळ थंड-गरम मिसळणारा वॉल्व हवा, आणि पाइप साध्या पीव्हीसीचा नको, सीपीव्हीसीचा हवा. हा खर्च मालकाला सांगण्याचे धैर्य आपल्या कारागिरांत कमी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. काम जाईल ही भीती असते. पण कोटेशनमध्ये वॉल्व आणि आवरण वेगळ्या ओळीवर लिहावे, मालकाने नाकारले तर तसेही लिहून त्याची सही घ्यावी. उद्या नर्सिंग होममध्ये कोणी दगावले तर विचारणा प्रथम पाइप जोडणाऱ्याकडेच होईल.

युरोपातून आलेला पाहुणा घरी परतल्यावर या रोगाने आजारी पडला, तर तो कुठल्या हॉटेलात उतरला होता याची तिथे नोंद होते. आमच्या पाहण्यातल्या एका लॉजवाल्याने आता दर महिन्याला टाकीचे आणि सर्वांत लांबच्या नळाचे तापमान वहीत लिहायला सुरुवात केली आहे. त्याला त्यासाठी एक थर्मामीटर आणि महिन्याला एक तास लागतो. तो तास तो प्लंबरला वेगळा देतो.