स्टेज सजतं, हॉल उघडाच राहतो

वसईपासून वांद्र्यापर्यंत ख्रिस्ती लग्नांचा हंगाम नाताळ उरकला की सुरू होतो, उपवासकाळ लागला की थांबतो आणि ईस्टरनंतर पुन्हा उसळतो. मोजक्या तारखांत हॉल मिळवण्याचीच एवढी मारामार की सजावटीचा विचार शेवटावर जातो आणि तो डेकोरेटरच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून उरकला जातो. पांढरा पडदा, त्यावर प्लास्टिकच्या गुलाबांची भिंत, मधोमध राजेशाही सोफा, वर दिव्यांत दोघांची आद्याक्षरं. दारातून आत शिरलं की समोर स्टेज झगमगत असतं आणि टेबलांवर मात्र पाण्याच्या बाटल्या नि कागदी रुमाल यांपलीकडे काही नसतं. ही वाटणी उलटी आहे, असं माझं म्हणणं आहे. ख्रिस्ती रिसेप्शनची सजावट हॉलच्या मधल्या मोकळ्या फरशीपासून सुरू व्हावी, कारण रिसेप्शन खरं घडतं ते तिथेच.

स्टेज आणि सोफा ही मांडणी ज्या स्वागतसमारंभातून आली, तिथे ती शोभतेही. जोडपं वर उभं, पाहुण्यांची रांग खाली; पाकीट, फोटो, मग जेवण. ख्रिस्ती रिसेप्शनचा क्रम वेगळा आहे. नवरानवरी करवल्यांसह दारातून चालत येतात, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, केक कापला जातो, कुणीतरी वडीलधारा टोस्ट म्हणतो, सगळे पेले उंचावतात, मग पहिला वॉल्ट्झ. ग्रँड मार्च सुरू झाला की पाहुणेच जोडप्याच्या मागे रांगेने हॉलभर फिरू लागतात. या सगळ्यात सोफ्यावर कोण बसतं? तासन् तास तो रिकामाच चमकत राहतो आणि त्याच्याच सजावटीवर सर्वांत जास्त पैसे गेलेले असतात. दारापासून फरशीपर्यंतची वाट, केकचं टेबल आणि फरशीभोवतीची पहिली टेबलं एवढीच नीट सजवली, तर हॉल भरल्यासारखा दिसतो. टेबलावरची फुलं बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली राहावीत, म्हणजे समोरच्या आत्याचा चेहरा दिसतो. हे साधं पथ्य पाळलेलं क्वचितच दिसतं. उंच काचेच्या नळकांड्यांआडून माणसं एकमेकांना हाका मारत असतात. चर्चचा स्वतःचा दंडकही याच दिशेचा आहे. मिस्साविधीच्या नियमावलीत वेदीची फुलं संयमाने आणि वेदीवर नव्हे, तिच्याभोवती मांडायला सांगितलं आहे. जे घडणार आहे ते झाकू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पांढऱ्या रंगाला हात लावायचा नाही, तो पावित्र्याचा, असं घरातली मंडळी हमखास म्हणतात. नवरीच्या पांढऱ्या झग्याची चाल खरी रुळली ती १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या साटिनमध्ये लग्नाला उभी राहिल्यानंतर. त्याआधी युरोपातल्या नवऱ्या रंगीत कपड्यांतही सर्रास लग्न करत. आपल्याकडे तर गोव्यातल्या ख्रिस्ती नवरीचा साडो लाल आणि वसईच्या सामवेदी ख्रिस्ती बायकांचं लुगडंही लालच. म्हणजे पांढरा हा धर्माचा हुकूम नव्हे, एका राजघराण्याची फॅशन आहे. ती आवडली तर खुशाल घ्यावी. वसईचा मोगराही पांढराच असतो. याहून खोल आक्षेप असा की तोरण, केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या आणल्या की लग्न हिंदू वाटू लागतं. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. अल्पसंख्य समाजाला आपली ओळख पुसली जाण्याची धास्ती वाटणं समजण्याजोगं आहे. पण दारापुढचा झावळ्यांचा मांडव वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत ख्रिस्ती लग्नांचाच होता, उसना नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, ट्रेंटच्या परिषदेचा दाखला देऊन, विवाहविधीतल्या चांगल्या स्थानिक चालीरीती राखाव्यात असंच म्हटलं आहे. विधीला जी मुभा आहे ती जेवणाच्या हॉलला नाकारण्याइतकं सोवळं कशाला?

खऱ्या फुलांच्या खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. प्लास्टिकची भिंत डेकोरेटर पन्नास लग्नांना लावतो, म्हणून ती स्वस्त पडते. पण भिंतच नको म्हटल्यावर फुलं लागतात किती? वसईच्या वाड्यांतला सोनचाफा नि मोगरा रोज दादरच्या बाजारात जातो. वातानुकूलित हॉलमध्ये तो मांडवापेक्षा जास्त टिकतो आणि बंद खोलीत त्याचा वास कोंडून राहतो, जे प्लास्टिकला कधीच जमायचं नाही. फक्त तो हिरव्या स्पंजमध्ये खोचू नये. १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेला हा फोम प्लास्टिकचाच आहे, कुजत नाही, हाताखाली त्याचा भुगा होतो. चेल्सीचं पुष्पप्रदर्शन भरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने २०२१ पासून तो आपल्या प्रदर्शनांतून हद्दपार केला. पितळी तांब्यात पाणी नि चार दांड्या, एवढ्याने काम भागतं.

आणि छत. हॉलचं छत बुटकं वाटतं म्हणून त्याला कापडाच्या झालरी, लोंबत्या वेली लावायची टूम आहे. त्याच्याच खाली पहिल्या नाचाच्या वेळी ठिणग्यांचे फवारे उडवायचे. २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री इराकमधल्या काराकोश या ख्रिस्तीबहुल गावी रिसेप्शन ऐन रंगात होतं, जोडपं नाचत होतं. हॉलमधल्या आतषबाजीने छतावरच्या सजावटीला पेट घेतला, भिंतींचे पत्रेही भडकणाऱ्या साहित्याचे होते, बाहेर पडायला वाटा अपुऱ्या. शंभराहून अधिक माणसं गेली. आपल्या हॉलमध्ये असं होणार नाही म्हणणाऱ्यांनी बुकिंगच्या दिवशी बाहेर पडायचे दरवाजे मोजावेत आणि लग्नाच्या दिवशी त्यांतले किती पडद्यामागे झाकले आहेत ते पुन्हा मोजावेत.

राहता राहिला फोटोंचा प्रश्न. स्टेज नसेल तर अल्बममध्ये काय लावायचं? घराण्याच्या फोटोसाठी कोपऱ्यात एक साधी, नीट उजेडाची जागा पुरते; थकलेल्या आजीआजोबांना तिथेच खुर्च्या मिळतील, जिने चढण्याची सक्ती टळेल. बाकीचे फोटो फरशीवर घडतात: टोस्टला उंचावलेले पेले, ग्रँड मार्चमध्ये चप्पल निसटलेली मावशी, केकच्या टेबलाखाली शिरलेली पोरं. तिथे उजेड पिवळसर ठेवावा. पांढऱ्या एलईडीखाली मोगराही निळसर दिसतो आणि माणसंही.