नरडाण्यात आल्प्स कशाला?

घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. प्रमाण १:८७, हौस दांडगी, पण डोंगर स्वित्झर्लंडचे! पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते जरूर पाहावं, पण घरी येऊन आपलं गाव मांडावं.

"आपल्या मापाचे रूळ मिळत नाहीत," ही सबब. खरंय. तयार रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं, ते परदेशी १४३५ मिलिमीटरच्या हिशेबानं. आपल्या १६७६ ला सव्वाएकोणीस हवं. पण पावणेतीन मिलिमीटरसाठी गाव सोडायचं? फलाट, कडुलिंब, चहाची टपरी तर पुठ्ठ्यातूनही होते!

धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी २०१९ मध्ये झाली. स्टेशनाचं रूप बदलणारच. आजचं नरडाणा आपणच मांडलं नाही, तर नातवंडांना कोण दाखवणार? स्वित्झर्लंडवाले?