ओठ पातळ आहेत; गुन्हा कोणाचा?

परवा भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, हे किती दिवस टिकतं?" एका क्लिनिकची जाहिरात होती, ओठ भरून देणाऱ्या इंजेक्शनची. मुलगी 19 वर्षांची. महिन्यापूर्वी तिला पाहायला आलेल्या एका बाईने निघताना सुनावले होते, "रंग चांगला आहे, पण ओठ अगदीच नाहीत."

मी तिला ठाऊक होते ते सांगितले. या इंजेक्शनात बहुधा हायल्युरोनिक अ‍ॅसिड असते. साधारण सहा महिने ते वर्षभरात ते विरते, म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा पैसे. सूज येते, गाठी होतात. चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली त्वचा मरू शकते. क्वचित दृष्टीही जाते. शस्त्रक्रियेत नाकाखालची कातडीची पट्टी कापून ओठ वर ओढतात. तो व्रण कायमचा. अमेरिकेत ओठांसाठीच्या फिलरना मान्यता आहे ती 21 वर्षांवरील लोकांपुरतीच. आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्येही सुई टोचून देणारे भेटतात.

घरातल्या बुजुर्गांनी मात्र एका शब्दात निकाल दिला: हराम!

मला या निकालाची घाई खटकते. जन्मतः फाटलेला ओठ शिवणे हा इलाज आहे, तो बहुतेक उलेमा जायज मानतात. निव्वळ सौंदर्यासाठी केलेला बदल अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ ठरतो, हेही ते सांगतात. मान्य. पण मग त्याच निर्मितीत ऐब काढणारी ती बाई कोण? बदल करणे गुनाह असेल, तर दिवाणखान्यात बसून, आमच्या घरचे शीरकुर्मे खात, मुलीचे नाक-ओठ तपासणे हे काय सवाबाचे काम आहे? धाडधाकट ओठाला आजार आधी आपण ठरवला. दवाखानेवाल्याने फक्त त्याचे बिल लावले. मुलाचे ओठ कसे आहेत, हे कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

सुईवर बोलणाऱ्यांनी त्या जिभेवरही बोलावे. तेवढी हिंमत नसेल तर पोरीला हराम-हलाल शिकवू नये.

भाचीला म्हटले, घाई करू नकोस. पुढेही वाटलेच, तर शिकलेल्या प्लास्टिक सर्जनकडे जाऊ, मी बरोबर येईन. आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की चहा मी देणार आहे. ओठांचा विषय निघाला, तर चपलाही मीच दाखवीन.