नकाशावरचा ठिपका काय सांगत नाही
मुंबई हायकडे रसद नेणारे जहाज आज कोणीही मोबाइलवर पाहू शकतो. ‘एआयएस’ यंत्रणा धावत्या जहाजाचे स्थान, वेग व दिशा काही सेकंदांच्या अंतराने प्रक्षेपित करते. सात अंकी आयएमओ क्रमांकावरून लांबी-रुंदी, टनभारही शोधता येतो. (गंतव्यस्थान मात्र जहाजावरची माणसे हाताने भरतात, ते कित्येकदा जुनेच राहते!)

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे सहायक जहाज एका जखमीला तेलफलाटावर पोहोचवताना तेथील वायुवाहिनीवर आदळले. आगीत २२ जणांचा बळी गेला. जहाज कुठे आहे, हे तेव्हा डोळ्यांसमोरच होते. प्रश्न होता तो, प्रणोदकांत दोष असताना इतके जवळ जाण्याचा. म्हणून प्रणोदकांची त्या क्षणाची अवस्था फलाटाच्या नियंत्रण कक्षातही दिसणे बंधनकारक असावे, असे माझे मत आहे.