दातेरी पात्याला धार लागत नाही काय?

विजेवर चालणाऱ्या, माशाचे काटेविरहित काप काढण्याच्या सुरीविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या सुरीच्या पात्यांना करवतीसारखे दाते असतात, दात्यांना धार लावता येत नाही, म्हणून पाती बोथट होताच ती टाकून नवी आणावीत, असा हा पूर्वपक्ष आहे. यातील पहिले विधान खरे आहे, दुसरे खोटे आहे, आणि तिसरे अर्धे खरे असल्यामुळे दुसऱ्यापेक्षा अधिक फसवे आहे.

या सुरीत पोलादाची दोन पातळ पाती एकमेकांना चिकटून बसवलेली असतात आणि मोटर एकाला पुढे ढकलते त्याच क्षणी दुसऱ्याला मागे ओढते. दोन्हींची ओढ परस्परविरुद्ध असल्याने मासा कोणत्याच बाजूला फरफटत नाही आणि कापणाऱ्याला हात मागेपुढे करावा लागत नाही. पात्याची आतली, म्हणजे जोडीदार पात्यावर घासणारी बाजू सपाट असते, आणि दाते फक्त बाहेरच्या बाजूने उतार देऊन काढलेले असतात. धार एकाच अंगाने असते, ही गोष्ट पुढील साऱ्या वादाचा निकाल लावणारी आहे.

दात्याला धार लागत नाही, हे मत नागपूर जिल्ह्यातल्या मौदा या तालुक्याच्या गावी तरी टिकू नये. सुताराच्या करवतीला दातेच असतात आणि ते झिजले की तो तिकोनी कानस घेऊन एकेक दाता घासतो, हे तेथे कोणाला नवे नाही. यावर प्रतिपक्ष असे म्हणू शकेल की पेंचच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या याच तालुक्यात दातेरी विळा घेतला जातो तो साध्या विळ्यासारखा वरचेवर पाजवावा लागत नाही म्हणूनच. हे म्हणणे मान्य आहे. परंतु ‘वरचेवर लावावी लागत नाही’ आणि ‘लावताच येत नाही’ ही दोन भिन्न विधाने असून, पहिले सिद्ध केल्याने दुसरे सिद्ध होत नाही.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा आहे. कोणतेही पाते धारवाल्याच्या फिरत्या चाकावर धरले की काम झाले, असे तो मानतो. साध्या सत्तुराला हा उपाय चालतो, दातेरी पात्याचा मात्र तो घातच करतो, कारण चाक दात्यांचे शेंडे छाटते आणि दोन दात्यांमधल्या खाचांना, जिथे खरी धार असते, स्पर्शही करत नाही. शिवाय पातळ पोलाद चाकावर लगेच तापते. त्यावर पिवळसर आणि मग निळी झाक आली की त्याचे पाणी उतरले असे समजावे, आणि पाणी उतरलेल्या कडेवर धार टिकत नाही.

योग्य रीत संथ आहे, अवघड नाही. सुरी विजेपासून तोडून दोन्ही पाती काढावीत, आणि पाते लाकडी पट्टीवर, दाते कडेबाहेर येतील असे, घट्ट धरावे. खाचेच्या गोलाईत बसेल अशी बारीक गोल कानस किंवा हिऱ्याची पूड बसवलेली सळई मूळ उताराच्याच कोनात, फक्त बाहेरच्या अंगाने, प्रत्येक खाचेत मोजकेच हात फिरवावी. असे केल्यावर सपाट बाजूला लोखंडाची उलटलेली सूक्ष्म कोर बोटाला खरखरीत लागते. ते पाते त्या बाजूने बारीक दगडावर पूर्ण आडवे ठेवून अलगद सरकवले की ती कोर निघते. येथे पाते किंचित जरी तिरके झाले तरी सपाट अंगालाही उतार येतो, दोन पात्यांत फट पडते आणि त्या फटीत माशाचे तंतू अडकू लागतात. किंबहुना बोथटपणाच्या कित्येक तक्रारींचे मूळ धारेत नसून याच आतल्या बाजूंवर वाळलेल्या चरबीत, खवल्यांत आणि गंजात असते, आणि त्यांवर कानस नव्हे तर गरम पाणी, साबण आणि कोरडे फडके हाच उपाय असतो.

मग मौद्यात या यंत्राचे काय काम, असाही आक्षेप येईल, आणि तो पुष्कळ अंशी रास्त आहे. रोहू आणि कतला यांच्या मांसात पाठीच्या कण्याला न जोडलेले, दुफाटे बारीक काटे विखुरलेले असतात, त्यामुळे त्यांचे काटेविरहित काप निघत नाहीत. ते आडवे तुकडे करूनच खाल्ले जातात. त्या कामात पायाखाली दाबलेली पावशी, म्हणजे विळी, जी निसरडा मासा धरायला दोन्ही हात मोकळे ठेवते, कोणत्याही यंत्राला हार जाणार नाही. विजेच्या सुरीचा प्रांत मरळ, पंगास, तिलापिया अशा माशांपुरता आहे. परंतु जिथे हे यंत्र विरळ तिथे त्याची सुटी पातीही विरळ, म्हणून धार लावण्याची विद्या अशाच गावी अधिक मोलाची ठरते.

पाते बदलण्याची वेळ मुळी येतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. केसासारख्या सूक्ष्म दात्यांच्या पात्यांत कोणतीही कानस शिरत नाही, आणि ती बोथट झाल्यावर बदलावीच लागतात. मोठ्या दात्यांच्या पात्यांतही दर धारेला खाच रुंदावते आणि दाता ठेंगणा होतो. दाते मोडले, पाते वाकले किंवा मुठीत बसणारे टोक झिजून पाते खडखडू लागले, की कानस बाजूला ठेवावी. अशा वेळी काटकसर म्हणून एकच पाते बदलणे हा तोट्याचा व्यवहार आहे: नव्या पात्याचे उंच दाते मांसात रुततात, जुन्याचे नुसते घसरतात, परस्परविरोधी ओढीचा तोल बिघडतो आणि काप फाटून निघतो. पाती जोडीनेच घ्यावीत, आणि विकत घेण्यापूर्वी आपल्या मुठीच्या खोबणीशी त्यांची टोके जुळवून पाहावीत, कारण एका कंपनीची जोडी दुसऱ्या कंपनीच्या मुठीत बसेलच असे नाही.