पीसीटीचा आकडा आणि आपण

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हल्ली एक शब्द हटकून कानी पडतो : ‘पीसीटी’. “काल बारा होता, आज सातवर आलाय,” असं मुलगा फोनवर सांगतो आणि पलीकडे कुणीतरी सुस्कारा सोडतं. पूर्वी ताप किती हे विचारत. आता पीसीटी विचारतात.

सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. जंतूंशी झुंजताना शरीराचाच तोल जातो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू ढासळू लागतात. २०१७ साली जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी एकाशी त्याचा संबंध होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये छापला. डॉक्टरांची अडचण वेळेची असते. ब्लड कल्चरमध्ये जंतू ओळखायला दोन-तीन दिवस जातात, पुष्कळदा तो सापडतही नाही. आणि रुग्ण शॉकमध्ये असेल तर प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवं. म्हणून रक्तातल्या खुणांचा शोध सुरू झाला.

त्यातली जुनी खूण सीआरपी. ती १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडली. पण संधिवातानं किंवा शस्त्रक्रियेनंही ती वाढते. पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, थायरॉइडमधल्या एका संप्रेरकाचं कच्चं रूप. निरोगी माणसात ते नगण्य असतं. गंभीर जंतुसंसर्गात ते काही तासांत चढतं आणि संसर्ग आटोक्यात आला की रोज जवळपास निम्म्यानं उतरतं. मात्र मोठं भाजणं, अपघात, मूत्रपिंडाचा विकार यांतही ते वाढू शकतं, आणि आजाराच्या अगदी सुरुवातीला कमीही असू शकतं. २०२० च्या एका आढाव्यात अशा २५८ खुणांची मोजदाद झाली. एवढे उमेदवार, पण बहुमत कुणालाच नाही!

आम्ही बँकेत कर्ज देताना एका दिवसाची शिल्लक पाहून कुणाची पत ठरवत नसू. खात्याचा उतारा मागवत असू. इथंही तेच आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की प्रतिजैविक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवरून ठरवू नये, डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवावं. औषध थांबवण्याच्या निर्णयात मात्र त्याची मदत घ्यावी. ब्रिटनमधल्या ४१ अतिदक्षता विभागांत २,७६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोजच्या पीसीटीमुळे प्रतिजैविकं सरासरी जवळजवळ एक दिवस आधी थांबली आणि त्यापायी मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. सीआरपीनं हे साधलं नाही.

एकच दिवस? ज्या देशात सर्दीलाही प्रतिजैविक मागितलं जातं आणि जंतू औषधांना दाद देईनासे झालेत, तिथं तो एक दिवस मोठा आहे. पहिल्या दिवशी तपासणी करून कागद फाइलला लावून ठेवला, तर खर्च झाला आणि उपयोग मात्र फारसा नाही. तेव्हा नातेवाइकांनी “आणखी भारी इंजेक्शन द्या” असा धोशा लावण्यापेक्षा विचारावं : कल्चरचं रक्त औषधाआधी घेतलं का? पीसीटी पुन्हा कधी करणार? औषध कधी थांबवता येईल?

आणि घरी तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, धापा टाकू लागला, लघवी कमी झाली, तर कुठल्याच रिपोर्टची वाट न पाहता त्याला थेट इस्पितळात न्यावं.