एगेरचा तट आणि एगेरची शिबंदी

मध्ययुगीन किल्ल्यांविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याचे कुणाला सुचत नाही. किल्ल्याचे बळ म्हणजे भिंतीची जाडी. तोफ आली, भिंत फुटली आणि किल्ल्यांचे युग संपले, असे ते मत. हंगेरीच्या बाबतीत ते साफ खोटे आहे, आणि ते खोडून काढायला एकट्या एगेरच्या किल्ल्याचा इतिहास पुरेसा आहे.

पूर्वपक्षाच्या पदरात त्याचे माप आधी घालू. दगडी तटाचे मोल हंगेरीने फार महागात शिकून घेतले. ११ एप्रिल १२४१ रोजी शायो नदीकाठी मोहीच्या मैदानावर मंगोलांनी राजा चौथ्या बेलाचे सैन्य कापून काढले. राजा जीव घेऊन ॲड्रिॲटिकच्या किनाऱ्यापर्यंत पळाला. त्या हिवाळ्यात डॅन्यूब गोठली आणि मंगोल घोडेस्वार बर्फावरून पलीकडे उतरले. एस्तरगोम शहर बेचिराख झाले, पण तिथला दगडी बालेकिल्ला काही त्यांच्या हाती लागला नाही. पॅनोनहाल्माचा तटबंद मठही टिकला. मंगोल परतल्यावर बेलाने धोरणच बदलले. सरदारांना आणि बिशपांना जमिनी द्यायच्या, त्या किल्ले बांधण्याच्या अटीवर. एगेरच्या बिशपाला दगडी किल्ल्याची परवानगी मिळाली ती १२४८ साली. म्हणजे दगडाला किंमत होतीच. पण एस्तरगोमचा तो बालेकिल्ला सिमेऑन नावाच्या स्पॅनिश सरदाराने आपल्या तिरंदाजांना घेऊन लढवला होता, हे दगडाची थोरवी गाणारे सांगत नाहीत.

आता १५५२ साल पाहा. त्या उन्हाळ्यात उस्मानी फौजा हंगेरीत घुसल्या आणि किल्ल्यामागून किल्ला पडत गेला. जुलैत तेमेश्वार गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला सोल्नोक गेले, आणि इथे भिंतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी जरा थांबावे. सोल्नोकचा कोट नवाकोरा होता. दोन नद्यांच्या संगमावर, तोफा आणि दारूगोळ्याने भरलेला. त्याच्या तटाला भगदाड पडलेच नाही. भाडोत्री शिबंदी रातोरात पळून गेली आणि किल्लेदार जवळजवळ एकटा शत्रूच्या हाती सापडला.

तीच विजयी फौज मग एगेरसमोर येऊन उभी राहिली. आजचे अभ्यासक तिची संख्या पस्तीस-चाळीस हजार धरतात. आत किल्लेदार डोबो इश्तवान याच्याजवळ जेमतेम दोन हजार माणसे, त्यांत आसपासच्या गावांतले शेतकरी आणि बायकामुलेही. जागाही बळकट नव्हती. पूर्वेकडची टेकडी किल्ल्याहून उंच, तिथून तोफा थेट आत मारा करीत. भिंती फुटल्या, अनेक ठिकाणी फुटल्या. पण दिवसा पडलेले भगदाड रात्रीत माती, लाकूड आणि पिंपांनी बुजवले जाई. ४ ऑक्टोबरला जुन्या कॅथेड्रलमधले दारूचे कोठार उडाले, तेव्हा बोर्नेमिस्सा गेर्गेय याने आतल्या आत नवी दारू तयार करवली आणि दारू ठासलेली लाकडी चाके पेटवून हल्लेखोरांवर सोडली. शरण जाण्याचा शब्द काढील त्याला मृत्यू, अशी शपथ डोबोने वेढ्याआधीच सर्वांकडून घेतली होती. बायकांनी तटावरून उकळते डांबर ओतले. सुमारे ३९ दिवसांनी वेढा उठला.

‘थंडी आली म्हणून तुर्क गेले,’ असा यावर आक्षेप येतो. माझ्या मते हा आक्षेप किल्ल्याच्याच बाजूने साक्ष देतो. उस्मानी मोहीम वसंतात निघे आणि ऑक्टोबरअखेर कासिमच्या दिवसापाशी थांबे. चारा संपे, वाटा चिखलात रुतत, जहागिरीवरचे स्वार घराकडे डोळे लावून बसत. अशा शत्रूपुढे किल्ल्याने लढाई जिंकायची नसते, दिवस खायचे असतात. १५३२ साली कोसेगच्या छोट्या गढीने सुलतान सुलेमानाच्या फौजेचे २५ दिवस असेच खाल्ले. त्या वर्षी सुलतान व्हिएन्नाला वेढा घालू शकला नाही.

एगेरची खरी परीक्षा मात्र पुढे झाली. १५५२ नंतर इटालियन स्थपती ओत्ताव्हिओ बाल्डिगारा याच्या आराखड्यांनुसार किल्ल्याला नव्या पद्धतीचे कोनाकृती बुरूज मिळाले. ते खास तोफांना तोंड देण्यासाठी होते. भिंतीचा सिद्धांत खरा असता तर १५९६ चे एगेर १५५२ च्या एगेरहून जास्त दिवस टिकायला हवे होते. टिकले सुमारे तीन आठवडे. तिसरा मेहमेद सुलतान जातीने आला होता आणि त्याची फौज कितीतरी मोठी होती, हे मान्य. पण आतली बहुतांश शिबंदी परदेशी भाडोत्री होती, आणि किल्ला ताब्यात देण्याचा आग्रह तिनेच धरला. बुरूज नवे होते, त्यांच्यामागे जीव टाकणारे कुणी उरले नव्हते.

पुढे जवळजवळ एक शतक एगेर तुर्कांकडे राहिले. १६८७ साली ते हॅब्सबर्ग सम्राटाच्या सैन्याने परत घेतले तेही तोफांनी तट पाडून नव्हे. नुसती नाकेबंदी केली, रसद तोडली आणि डिसेंबरात उपाशी तुर्की शिबंदीने दरवाजे उघडले. धान्याचे कोठार हा किल्ल्याचा बुरूजच असतो, आणि एगेरचा तो बुरूज सर्वांत आधी ढासळला.

तोफेने किल्ले निकामी केले असते तर अठराव्या शतकाच्या आरंभी हॅब्सबर्ग दरबाराने एगेरचा बाह्यकोट सुरुंग लावून उडवलाच नसता. निरुपयोगी भिंतीवर दारू कोण खर्च करतो? दरबाराला भीती होती ती बंडखोर हंगेरियनांची. ते त्या भिंतींमागे उभे राहिले तर काय होते, हे त्याला पक्के ठाऊक होते.